मामांनी सीपीयू उभा केला

आजही मामा दारात दिसले की माझं डोकं फिरतं. आईचे धाकटे भाऊ, करकंबला असतात. जगात असं काही नाहीच, जे या माणसाला कळत नाही!

जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटरचा सीपीयू टेबलाखालच्या फळीवर आडवा असायचा. उभा तिथं मावतच नव्हता. त्यातल्या हार्ड डिस्कवर आईचा आवाज होता. भाजीवाल्याशी हुज्जत घालताना, माझ्या मुलाला गोष्टी सांगताना, मी जुन्या मोबाइलवर टिपलेला. अर्धांगाच्या झटक्यानं आईची वाचा गेली, तेव्हा बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांचाच जुना आवाज त्यांना रोज ऐकवा, फरक पडेल." तो दुसरीकडं कुठंच नव्हता. म्हणून मी पेन ड्राइव्हवर कॉपी लावली आणि भाकरी थापायला गेले.

हॉलमध्ये मामा बसलेले. "अगं, हे आडवं कुणी ठिवतं व्हय? आतली डिस्क झिजती की!"

"मामा, आडवी असू द्या नाहीतर उभी, तिला काही होत नाही. चालू असताना हलवायची तेवढी नसते. हात लावू नका!" मी आतूनच ओरडले. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करते हो मी! पण भाचीचं ऐकतील तर ते मामा कसले? पिठाच्या हातानं मी बाहेर येईस्तोवर त्यांनी सीपीयू ओढून फरशीवर धाडकन उभा केलासुद्धा. आत चकती गरगर फिरत होती, वाचणारं टोक तिच्यावर आपटलं. कट्-कट्, कट्-कट् असा आवाज आला आणि स्क्रीन काळी पडली. पेन ड्राइव्हवर अजून काहीच उतरलं नव्हतं.

डिस्क पुण्याला दुरुस्तीला पाठवली. चकतीच खरवडली गेलीय, काही निघणार नाही, असा तिकडून फोन आला. मी ढसाढसा रडले, मामांना नको नको ते बोलले. आणि हा माणूस? बशीतला चहा फुरका मारून संपवला आणि आईकडं वळला.

"मी म्हणत न्हवतो? आडवी ठिवल्यानंच गेली. काय गं अक्का, खरं हाय का न्हाय?"

आईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. झटक्यानंतर तिला एकच शब्द येतो. भूक लागली तरी तोच, कुठं दुखलं तरी तोच.

"व्हय," आई म्हणाली.