चवड्यात चावणारे बूट

माझे पाय रुंद आहेत. टाचेशी ठीकठाक, आणि पुढे एकदम सुपासारखे पसरलेले. ही आईकडची देणगी. चपला-सँडलवर आयुष्य निघालं तोवर त्याचं काही वाटलं नाही, पण चव्वेचाळिसाव्या वर्षी मला भिंती चढायचं खूळ लागलं आणि पायांनी सगळा जुना सूड उगवून घेतला.

ऑफिस भोपाळच्या एमपी नगरात. सुटल्यावर आठवड्यातून तीनदा मी एका हॉलमध्ये जाते. तिथे उंच भिंतीवर रंगीत गोटे ठोकलेत. कमरेला दोर बांधायचा आणि ते गोटे धरत वर जायचं. शिकवणारे सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण सर ते सर. दोन वर्षांत माझे नवशिक्यांचे बूट अंगठ्याशी फाटले, तेव्हा ते म्हणाले, "मैडम, अब अगले लेवल का जूता ले लो." म्हणजे जरा ताठ, पायाला चिकटून बसणारा, बोटं किंचित खाली वळवणारा. ऐकायला सोपं होतं.

घाई होती, कारण हिवाळा आला होता. गेल्या हिवाळ्यात सर आमच्या गटाला शहराबाहेरच्या खऱ्या खडकावर घेऊन गेले होते. त्या खडकाच्या मध्यावर एक फळीएवढा कट्टा आहे. त्याच्या वर हाताला धरायला काही नाही, नुसता तिरका गुळगुळीत दगड. तिथे पायांवर भरवसा ठेवून उभं राहायचं आणि चालू लागायचं. मी कट्ट्यापर्यंत गेले आणि उतरून आले. "जूते काट रहे थे," असं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, म्हणजे बरंचसं. यंदा पुन्हा तिथेच जायचं होतं आणि यंदा मला वर पोचायचं होतं.

बिट्टन मार्केटमधल्या तीन दुकानांत गेले. पहिल्याने ट्रेकिंगचे बूट काढले, दुसऱ्याने जिमचे. तिसरा म्हणाला, "चढ़ने के लिए? मैडम, चढ़ना तो किसी में भी हो जाएगा." त्याला एकदा भिंतीला लटकवायला हवं होतं.

मग ऑनलाइन. आलेली पहिली जोडी लांबीला बरोबर, पण पुढे असा शिकंजा की करंगळी अंगठ्याला भेटायला निघाली. म्हणून एक नंबर मोठा मागवला. आता करंगळीला जागा मिळाली, पण टाच आत पोहायला लागली. हे कुणीच मला आधी का सांगू नये? नंबर वाढवला की बूट लांब होतो, रुंद होतो तो नावापुरता. तरी हट्टाने तीच मोठी जोडी घालून आठवडाभर भिंतीवर गेले. पाऊल उचललं की बूट मागे राहायचा आणि पाय पुढे जायचा. सर बघत होते.

आई बागसेवनियाच्या घरी सोफ्यावर बसून हा सगळा तमाशा पाहत असे. तिचं वय चौऱ्याहत्तर. नागपूरहून बाबांच्या सरकारी नोकरीपायी भोपाळला आली, ती इथलीच झाली. रोज एकच प्रश्न. "चावतात का?"

"चावतात."

"कुठं?"

"चवड्यात गं. टाचेत नाही."

"मंग बाप्पा, पायाचा घेर पाहून घे ना. नंबर काऊन पाहतेस?"

हे तिला कळत होतं, बूट बनवणाऱ्यांना कळत नव्हतं.

त्याच सुमारास सर दिल्लीला निघाले. तिथे एका दुकानात असे बूट मिळतात, तुमचेही आणतो म्हणाले. मी कृतज्ञ झाले. दुकानातून त्यांचा फोन आला, मागे रहदारीचा गोंगाट. "मैडम, बताओ, दिक्कत कहाँ आती है?" मी माझ्या उत्तम हिंदीत सांगितलं. उत्तम म्हणजे, मी जन्मले भोपाळमध्ये, शिकले हिंदीत, ऑफिसात माझं टिपण वाचून लोक मला इथलीच समजतात. मी म्हटलं, "सर, मुझे चवडे में बहुत तकलीफ़ होती है."

"चौड़े में?"

"हाँ, चवडे में. बहुत."

"समझ गया मैडम. बिल्कुल समझ गया."

चार दिवसांनी त्यांनी डबा माझ्या हातात दिला. आत जे होतं ते पाहून मला वाटलं, हे कुणा बगळ्यासाठी केलेत. इतके अरुंद बूट मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. पाय अर्धा गेला आणि अडकला. सर प्रेमाने म्हणाले, "पूरी दुकान में सबसे पतला यही था. आपने कहा था ना, चौड़े में तकलीफ़ होती है."

मी भिंतीशी, गादीवर, एका बुटात अर्धा पाय घालून बसले होते. आधी संताप आला तो त्यांचा. मग हळूहळू उजाडलं. मराठीतला चवडा म्हणजे पावलाचा पुढचा भाग, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मोठी जोडी माझ्या पायात ढिली होताना त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे चौड़े, म्हणजे रुंद, बुटांचा मला त्रास होतो हे त्यांना अगदी पटलं. आणि मी? सगळं आयुष्य हिंदीत काढून मला पत्ताच नव्हता की हा शब्द हिंदीत नाही. आमच्या घरात तो होता, म्हणून मला वाटलं सगळ्यांच्या घरात असेल.

"इसको हम पंजा बोलते हैं," सर माझ्या पावलाच्या पुढच्या भागाकडे बोट दाखवून म्हणाले. मग स्वतःशीच दोनदा म्हणून पाहिलं, "चवडा. चवडा." आणि इतके हसले की दोर सोडून खाली बसले. मला हसू यायला दोन दिवस लागले.

दिल्लीला जाऊन येणाऱ्या त्यांच्या मित्राने ती जोडी बदलून आणली. नवी जोडी पुरुषांच्या मापाची, चामड्याची, थेट बोटांपर्यंत नाडी असलेली. पुढची नाडी सैल, मागची घट्ट, इतका साधा इलाज. दिवसभरात पाय सुजतात म्हणून मुद्दाम संध्याकाळी घालून पाहिली, मग आठवडाभर आईच्या मालिका तिच्याशेजारी त्याच बुटांत बसून पाहिल्या. चामडं माझ्या पायाचं ऐकायला लागलं. आई विचारायची, चावतात का, आणि मी नाही म्हणायचे. पण नाही म्हणून मी लगेच मालिकेकडे वळायचे. चावणारे बूट असले की एक सोय असते, ती आता गेली होती.

रविवारी मी कट्ट्यावर पोचले. पाय मजेत होते. वर तोच तिरका दगड. आणि माझी पोटरी लटलट कापायला लागली, अगदी गेल्या वर्षीसारखी. तेव्हाही ती अशीच कापली होती, हे मला त्या क्षणी आठवलं. सांगताना मी ते गाळलं होतं, लोकांना आणि स्वतःलाही. टाच उचलून मी नखांवर उभी होते आणि खाली उतरण्याचं नवं कारण शोधत होते.

खालून सरांचा आवाज आला. "मैडम! चवडा! पूरा चवडा रखो!"

गटातल्या कुणालाच कळलं नाही. मला कळलं. मी टाच खाली सोडली, चवडा दगडावर पसरला. माझा होता तेवढा सगळा रुंद. बूट दगडाला धरून राहिला. मी दुसरं पाऊल टाकलं.

वर बसून आईला फोन लावला. तिने पोचलीस का विचारलं नाही. विचारलं, "चावले का?"

"नाही गं," मी म्हटलं. "मागच्या वर्षीही तेवढे चावले नव्हते. मी घाबरले होते."

"माहीत होतं मले," आई म्हणाली.