डाव्या खिशातले चिंचोके

सहा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी, रविवारची संध्याकाळ. रक्कम तीस हजार रुपये. हजर तिघे — आमच्या फुटबॉल क्लबचे कोच सेल्वम मास्टर, एका मोठ्या क्लबकडून आलेले गृहस्थ, आणि खजिनदार म्हणून मी. जागा, चेन्नईच्या नुंगंबाक्कममधल्या एका ऑफिसची मागची खोली. एवढं मी पुष्कळांना सांगितलं आहे. आमच्यासारख्या खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबला ती मिरवण्यासारखीच गोष्ट होती. पण त्या खोलीत मी काय बोललो, ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे — ते मलाही नीट कळलेलं नाही.

मी तंजावरकडच्या मराठी घरातला. चार पिढ्या मैलापुरात गेल्या. नोकरी अकाउंट्सची. मी जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही. सेल्वम माझा शाळासोबती, त्याने क्लब काढला तेव्हा पैशांसाठी माणूस हवा होता. इथे आम्हा मराठी लोकांना ‘राव’ म्हणतात, आणि राव म्हटलं की लोक हिशेब पुढे सरकवतात. तुला दुसरं काही करायचं आहे का, असं मला कधी कुणी विचारलं नाही. तेव्हा एखाद्याला न विचारता त्याची जागा ठरवून टाकणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

सामन्याला गेलो की नुसतं बघत बसणं मला जमत नसे. काहीतरी मोजायला हवं. घरात मुलीच्या पल्लांगुळीचे, म्हणजे खळग्यांच्या लाकडी पाटावरच्या खेळाचे, चिंचोके पडून होते — ती अमेरिकेला गेल्यापासून त्या लाकडी पाटाला कुणी हात लावला नव्हता. ते मी पिशवीत घालून मैदानावर न्यायचो. मधल्या फळीतून पुढे दिलेला पास आपल्याच माणसाला पोचला, की एक चिंचोका खिशात. कार्तिकचा उजव्या, इमॅन्युएलचा डाव्या. सेल्वम हसायचा. “राव, सामना संपला की रसम करणार काय?”

कार्तिक अड्यारचा, इंजिनियरिंगला होता. गोरा, शांत, मोठ्यांशी बोलताना हात मागे बांधून उभा राहणारा. इमॅन्युएल नायजेरियाहून इथल्या एका कॉलेजात शिकायला आलेला. दोघेही मधल्या फळीत खेळत. सगळ्या संघाचा खेळ जिथून ठरतो, ती ही जागा. तिथे पाय लागतात तितकंच डोकं लागतं. इमॅन्युएल मान वर करून खेळायचा. चेंडू पायाशी यायच्या आधीच तो कुठे धाडायचा हे त्याने ठरवलेलं असायचं. हे मला दिसत होतं. माझ्या डाव्या खिशाला तर रोजच कळत होतं.

मग माझ्या तोंडातून काय निघायचं? कार्तिकचा पास चुकला की मी म्हणायचो, “विचार बरोबर होता.” इमॅन्युएलचा चुकला की, “बघितलंच नाही त्याने.” कार्तिकचा सुरेख पास गेला की, “डोकं आहे पोराला.” इमॅन्युएलचा गेला की — “ह्यांच्या रक्तातच असतं.” म्हणजे चुकला तर दोष त्याचा आणि साधला तर श्रेय रक्ताचं. मी आयुष्यभर जमा-खर्चाची कामं केली. एका माणसाच्या जमेला काहीच पडू द्यायचं नाही, अशी ही पद्धत मी कुठे शिकलो?

आणि मी स्वतः काही गोरा नाही. लग्न ठरताना बायकोच्या मामांनी माझं वर्णन केलं होतं, “सावळा आहे, पण पर्मनंट.” आमच्या घरात हा विनोद अजून चालतो. मीही हसतो.

तर ती खोली. त्या दिवशी सकाळीच सामना झाला होता आणि माझ्या अंगात तीच पँट होती. मोठ्या क्लबला मधल्या फळीसाठी एक खेळाडू हवा होता. त्याच्या बदल्यात तीस हजार आमच्या क्लबला, आणि त्या खेळाडूला हंगामाचा करार, महिन्याचा पगार. इमॅन्युएलचा अभ्यासक्रम मे महिन्यात संपत होता. करार झाला तर तो इथे राहणार, नाहीतर परत. लागोसमध्ये त्याच्या वडिलांचं शिवणाचं दुकान आहे आणि आपल्याला त्या मशीनवर बसायचं नाही, हे त्याने मला बसस्टॉपवर सांगितलं होतं. मला, म्हणजे क्लबमधल्या मोठ्या माणसाला.

सेल्वम त्या गृहस्थांना म्हणाला, “माझी दोन्ही पोरं चांगली आहेत, सार. मी कोच, माझं मन दोघांवर. पण आकडे राव ठेवतात. राव सांगतील तो न्या.”

ते माझ्याकडे वळले. “सांगा राव सार. मधला कोण?”

मी हात खिशांत घातले. उजव्यात अकरा होते, डाव्यात चोवीस. मी ते घरून निघताना मोजले होते. नुसते टेबलावर ठेवले असते तरी पुरलं असतं, बोलावंही लागलं नसतं.

मी म्हणालो, “कार्तिक. तो विचार करून खेळतो. इमॅन्युएलच्या पायात ताकद आहे, त्याला मागे बचावाला, स्टॉपर ठेवावा.”

कुणी लाच दिली नव्हती. कार्तिक माझा नात्यागोत्याचा नाही. कुणाचा दबावही नव्हता. समोरच्या माणसाने मान डोलावली. त्याला जे ऐकायचं होतं तेच मी बोललो होतो, आणि ते त्याला ऐकायचं आहे हे मी तो बोलायच्या आधी ओळखलं होतं. चोवीस म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, खात्री आहे का सार? मला ती शंका नको होती. माझ्या आकड्यांवर कुणी शंका घेतलेली मला खपत नाही. — एवढ्यासाठी?

हो, एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी बायको कपडे मशीनला लावताना ओरडली, “हे काय वो, खिशात चिंचोके तसेच!” मी म्हटलं, टाकून दे.

कार्तिक गेला. मधली फळी मोकळी झाली, तेव्हा तरी तिथे इमॅन्युएलला खेळवायला हवं होतं. पण सेल्वमने माझा शब्द मानला आणि त्याला मागे नेलं. ती जागा त्याची नव्हती. शेवटच्या सामन्यात त्याने एकाला उशिरा पाय घातला आणि लाल कार्ड घेतलं. बेशिस्तीचा दोनशे रुपये दंड क्लबच्या नियमात होता. कार्तिकला मागच्या वर्षी असंच लाल कार्ड मिळालं तेव्हा मीच म्हणालो होतो, पोरगं आहे, सोडून द्या. या वेळी म्हणालो, नियम तो नियम.

हे सगळं मी नीट पुरून ठेवलं होतं. गेल्या हिवाळ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे टीव्हीवर त्यांचं ते फुटबॉल चाललं होतं, हेल्मेट घालून खेळतात ते. मी विचारलं, हा मधे उभा राहून चेंडू फेकतो तो कोण? “क्वार्टरबॅक, अप्पा. सगळा खेळ त्याच्या डोक्यातून निघतो.” मग ती सांगत राहिली. कॉलेजात या जागेवर चमकलेल्या काळ्या पोरांना वर्षानुवर्षं सांगत आले, तुझे पाय चांगले आहेत, तू दुसरीकडे खेळ. गोरा खेळला की हुशार, काळा खेळला की अंगात जोर. गोरा चुकला की अजून एक हंगाम, काळा चुकला की बाहेर. “अजूनही पूर्ण गेलेलं नाही, अप्पा. आणि हे म्हणणारे सगळे दुष्ट असतात असंही नाही, साधीच माणसं असतात. ऐकताय ना?”

मी म्हणालो, तुझा आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

आता देण्याघेण्याचं. तीस हजारांचा चेक आला, तो मी क्लबच्या खात्यात भरला. कार्तिक दोन हंगाम खेळून नोकरीला लागला. पोंगलला अजून मेसेज करतो.

इमॅन्युएलची शेवटच्या सामन्याची फी पंधराशे. दंड वजा जाता तेराशे. मे महिन्यात, निघायच्या आदल्या दिवशी तो ती घ्यायला माझ्या घरी आला, चपला बाहेर काढून. मी पाकीट दिलं. पैसे देताना सगळ्यांना म्हणतो तसंच त्यालाही म्हणालो, मोजून घे.

त्याने पाकीट न उघडता खिशात ठेवलं. म्हणाला, “तुम्ही मोजलेत ना, अंकल. मग झालं.”