शितपच्या ताब्यातला कॅमेरा

विम्याच्या सर्व्हेअरकडे लोक मोडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि जाताना किस्से ठेवून जातात. रत्नागिरीतलं आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, सर, टायपिंग करणाऱ्या सावंतबाई, शितप आणि मी. घाटात कलंडलेला ट्रक, जेटीवर आपटलेली होडी, वाऱ्याने उडालेले पत्रे, सगळ्याचे फोटो काढायचे आणि रिपोर्ट मुंबईला पाठवायचा. गेल्या वर्षभरात मात्र जे किस्से साठलेत, ते सगळे एकाच कॅमेऱ्याचे. ते सांगताना माझं पित्त खवळतं, तेवढं सांभाळून घ्या.

*

आधी आम्ही आपापल्या मोबाईलवरच फोटो काढायचो. गणपतीच्या दिवसांत मी एका चेपलेल्या गाडीचे फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी सरांना मुंबईहून फोन.

"गाडीचं समजलं. पण मधल्या फोटोतले उकडीचे मोदक क्लेममध्ये धरायचे का?"

सरांनी फोन ठेवून तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. सावंतबाई म्हणाल्या, "कळ्या मात्र छान पडल्यात हो. वहिनींनी केलेत का?"

त्याच दिवशी ठरलं की ऑफिससाठी वेगळा डिजिटल कॅमेरा घ्यायचा. म्हणजे कॅमेरा आला तो माझ्यामुळे, पण हे कोणी लक्षात ठेवत नाही.

*

कॅमेऱ्यातलं कळतं ते मयेकरांना, म्हणजे मला, हे ऑफिसात सगळ्यांना मान्य होतं. माझा भाऊ बोटीवर. त्याने सिंगापूरहून आणलेल्या मोठ्या कॅमेऱ्याने मी पाहुण्यांतली निम्मी लग्नं काढली होती. पुढे एका पावसाळ्यात लेन्सला आतून बुरशी आली आणि शेवटच्या लग्नात नवरा-नवरी धुक्यात उभी राहिली. पण तो दोष हवेचा.

तर सरांनी मला आणि शितपला दुकानात पाठवलं. शितप देवरूखचा, रोज एसटीने येणारा. मी दुकानदाराला सेन्सर, झूम, लेन्स असं सगळं खोदून विचारलं. त्याने काढून दाखवलेला कॅमेरा बघून जीव हरखला, पण आमच्या बजेटात त्याची फक्त बॅग आली असती. शितपने कोपऱ्यातला एक छोटा कॅमेरा उचलला आणि एवढंच विचारलं, "ह्याला सेल कंचे लागतात?"

"पेन्सिल सेल."

"मंग देवरूखात पन मिलतील."

किंमत विचारायला सरांना फोन लावलेलाच होता, ते ऐकत होते. म्हणाले, "घ्या तोच. आणि ज्याने निवडला त्याच्याच ताब्यात ठेवा."

इतकी वर्षं ऑफिसचा फोटोग्राफर मी, आणि कॅमेरा शितपच्या ड्रॉवरमध्ये! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग मी भेटेल त्याला सांगत सुटलो, कॅमेरा टुकार आहे. घरी बायकोलाही जेवताना रोज त्याचा एक नवा दोष ऐकवायचो.

*

शितप रजेवर असताना एकदा कॅमेरा माझ्या हाती आला. मिरकरवाड्याला होडीची फळी फुटली होती. मी वाकून, आडवा होऊन, मन लावून फोटो काढले. ऑफिसात कॉम्प्युटरवर बघतो तर प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक गुलाबी ढेकूळ.

"बघा सर, मी सांगत होतो ना, कॅमेरा टुकार आहे."

सरांनी चष्मा वर केला. "मयेकर, अंगठा कॅमेऱ्याला नसतो."

*

गणपतीपुळ्याला एका लॉजचे पत्रे वाऱ्याने उडाले. शितप फोटो काढायला गेला तर मालक म्हणाले, "थांबा, वायच केस विंचरून येतो." आले ते इस्त्रीचा शर्ट घालूनच, आणि मोडक्या छपराखाली हात मागे बांधून उभे राहिले. शितपने त्यांचाही फोटो काढला, वर प्रिंट काढून पाठवला.

क्लेम नामंजूर झाला. तरी मे महिन्यात त्यांच्याकडून हापूसची पेटी आली, शितपच्या नावाने. सोबत निरोप, फोटो मुलीला फार आवडला.

क्लेम नाकारल्यावर आमच्याकडे आजवर फक्त शिव्या आलेल्या. शितपने आंबे सगळ्यांना वाटले. माझ्यातला एक आंबट निघाला, तेवढा मी सगळ्यांना सांगितला.

*

राजापूरला ट्रक बघायला गेलो तेव्हा कॅमेरा मीच नेला होता, आणि ऐनवेळी सेल संपले. शितपची निवड बघा, असं मनात म्हणत मी जवळच्या टपरीवर गेलो. मी तोंड उघडायच्या आत टपरीवाल्याने सेल पुढे केले.

"कॅमेऱ्यालाच ना? शितपांनी सांगून ठेवलंय. आज ते नाय आले?"

राजापुरातसुद्धा शितप! मी सेल घेतले आणि चहा न पिताच निघालो.

*

यंदा ऑफिसात सत्यनारायण झाला. सगळ्यांच्या घरची मंडळी आली होती. प्रसाद घेता घेता सरांनी माझ्या बायकोला तो मोदकांचा किस्सा सांगितला. मी तो तिच्यापासून लपवून ठेवला होता. आम्ही दोघंही इतके हसलो की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. शितपने तेवढ्यात फोटो काढला.

आमचा दोघांचा धड असा एकही फोटो घरात नाही. सगळीकडे काढणारा मीच, आणि जिथे मी आहे तिथे माझे डोळे मिटलेले. बायकोने शितपकडून प्रिंट मागवली, फ्रेम केली आणि हॉलमध्ये दारासमोर लावली. रोज घरात शिरलं की आधी तो फोटो दिसतो.

परवा जेवण झाल्यावर बायको फ्रेम पुसत होती. पुसून झाल्यावरही तिथेच उभी राहिली.

"अहो, तुम्ही हसताना असे दिसता, मला माहीतच नव्हतं. शितपभावोजींचा हात किती चांगला आहे, नाही?"

मी जवळ जाऊन फोटो नीट बघितला. उजेड बघितला, चेहरे बघितले, चारही कोपरे बघितले. नावं ठेवायला काही सापडेना.

"हात कसला," मी म्हटलं, "कॅमेरा चांगला आहे."