थांबवलेली लढाई

"थांब, लढाई कुठं पलत नाय," असं म्हणत तो कीबोर्डवरचं एक बटण दाबायचा. पडद्यावरची हजारोंची फौज जागच्या जागी थिजायची आणि तो दारात आलेल्याला पाणी विचारायला उठायचा. मग दारात कुरियरवाला का असेना.

फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीत तो माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा. मूळचा अर्नाळ्याचा. पाठ गेल्यावर मासेमारीची बोट सोडली आणि पन्नाशीत कॉम्प्युटरवरच्या लढायांच्या नादी लागला. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. आपण त्याला हसतो.

त्याचा खेळ जुन्या जपानी सरदारांचा. उंचावरून मैदान बघायचं, तुकड्या हलवायच्या. माझ्या खेळात एकटा योद्धा मंगोलांवर तलवार घेऊन तुटून पडायचा. दर रविवारी यावरून वाद.

"वरून मुंग्या हलवण्यात कसली मर्दुमकी?" मी डिवचायचो.

"तुजा गडी धा वेला मरतो नि धा वेला उठतो. माज्याकडं गेला तो गेला."

लढाई जिंकल्यावरही तो एकेक तुकडी नदीच्या अलीकडे आणत बसायचा. कशाला वेळ घालवतोस, असं विचारलं तर म्हणाला, "शेवटची होडी दिसल्याबिगर आमच्याकडं किनाऱ्यावरून कोन घरी जात नाय."

त्या रविवारी दुपारी त्याची बायको, आमच्या वहिनी, राजोडीला माहेरी गेल्या होत्या. मी मंगोल सरदाराशी झुंजत होतो. त्याचा फोन आला. बढाई मारायला असेल, म्हणून मी कापला. परत आला. वाजू दिला. खेळ थांबवायचं बटण माझ्याकडेही होतं. पण सरदाराचा जीव थोडासाच उरला होता.

जिंकलो. ते सांगायलाच खाली गेलो. दार त्याने उघडून ठेवलं होतं. आत उंबऱ्यापाशीच तो पडला होता, मुठीत फोन.

"अर्धा तास आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. मी सगळ्यांना सांगितलं, माझा फोन वर चार्जिंगला होता.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. "भावजी, ही मशीन तवापासून घरघरते. बंद करून द्या."

मी माऊस हलवला. काळा पडदा उजळला. लढाई जिंकलेली होती. अख्खी फौज नदीच्या अलीकडे थिजून उभी होती, पलीकडच्या काठाकडे तोंड करून. तिथे चार घोडेस्वार मागे राहिले होते.

वहिनी जवळ येऊन बघत राहिल्या. "हे सगले कोनाची वाट बघतात?"

"त्या चौघांची."

बंद करायला गेलेला हात मी मागे घेतला.

"वहिनी," मी म्हणालो, "फोन चार्जिंगला नव्हता."