दहा हजारांच्या आतलं रान

आप्पांच्या कुठल्याही वस्तूची स्तुती करायची सोय नव्हती. म्हैस चांगली आहे म्हणावं, तर म्हणायचे, "कसली रं म्हस! नुसती हाडं हाईत." नव्या घोंगडीलाही ते जुनेर म्हणत. दृष्ट लावणारे, भाऊबंद आणि सरकार, या तिघांनाही आपलं बरं चाललंय हे कळू नये, असा त्यांचा जन्माचा बंदोबस्त. माझ्या या मामांचं मला फार हसू यायचं.

गुंजीला ओढ्याकाठी त्यांचं भाताचं रान होतं, वरच्या अंगाला सागाची झाडी. चुलतभावानं ते बळकावलं, तेव्हा आप्पांनी बेळगावच्या कोर्टात दावा लावला. वकिलांनी रानाची किंमत विचारली. ती बारा हजारांच्या खाली खास नव्हती. आप्पा म्हणाले, "चार हजार लिवा. कसलं डोंबलाचं रान ते!" किंमत कमी तर कोर्टात भरायचा स्टँपही कमी. वकील हसले आणि त्यांनी तेवढीच लिहिली. त्या दिवशी आप्पांनी मला कॅम्पात चक्क स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

बेळगावला आप्पा जिंकले. मुंबईच्या कोर्टानं निकाल फिरवला. तरी ते वकिलांपुढं ताठ बसून म्हणाले, "विलायतेला जायाचं. सगळ्यात वरचं कोर्ट खरं-खोटं बगंल."

"तिथं वाटेल त्याला आत घेत नाहीत, आप्पा. दहा हजारांचा दावा लागतो. तुमचा चारचा."

"मग आता बारा लिवा की!"

"किंमत तुम्हीच सांगितलेली. आता ती फिरवता येत नाही. नाहीतर कायद्याचा मोठा प्रश्न लागतो. तुमच्यात तो नाही, नुसतं रान आहे."

"आन् मुंबईचा सायब चुकला असंल तर?"

"तर चुकला."

आप्पा म्हणाले, "म्हंजे सायबाची चूकबी दहा हजाराची पायजे म्हणा."

चार हजार लिहिताना हसलेल्या माणसानं तेव्हाच हे सांगायला काय हरकत होती? त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. आणि गाऱ्हाणं ऐकण्याआधी त्याची किंमत विचारणाऱ्या त्या कोर्टाचाही.

रान गेलं. आप्पा लोंढ्याला लेकीकडं राहिले आणि काही वर्षांनी तिथंच गेले. शेवटच्या दुखण्यात भेटायला आलेल्या एकानं विचारलं, "केस हरलासा व्हय, आप्पा?"

आप्पा कोपरावर रेटा देऊन अर्धवट उठले.

"हरलो न्हाय. हराय तरी कुणी ऐकाय लागतं. माजं ऐकलंच न्हाय."