वायर बसली म्हणून लावली

घरी कॉम्प्युटर स्वतः जोडणाऱ्यांनो, एवढं वाचाच.

आज सकाळी दहिसरला सचिनकडे गेले होते. माझा मावसभाऊ, लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय गेला म्हणून त्याने नवीन आणला, दुसऱ्या कंपनीचा. नव्याची मुख्य वायर सप्लायलाच जोडलेली, बाकीच्या सुट्या. पण जुन्या सप्लायची हार्ड डिस्कला जाणारी वायर त्याने कॅबिनेटमध्ये मस्त बांधून ठेवलेली. "परत कोण उचकटणार?" म्हणून तीच नव्या सप्लायला खोचली. बसलीही फिट.

माझ्यासमोरच स्विच ऑन केला. जरासा जळका वास आला, बस. स्क्रीन चालू झाली, पण एकही हार्ड डिस्क दिसेना. रविवारच्या हळदीचं शूटिंग एका डिस्कवर, त्याची कॉपी दुसऱ्या डिस्कवर, आणि दोन्ही त्याच वायरवर.

कारण साधं आहे. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखंच असतं. सप्लायकडच्या टोकाची जोडणी मात्र प्रत्येक कंपनी आपल्या मनाने करते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले, वाट लागली.

"नवरीच्या आईला काय सांगू गं?" सचिन म्हणाला. नव्या सप्लायच्या वायरी खोक्यात सीलबंद पडल्या होत्या.

मग त्याने ती जुनी वायर सोडवली, नीट गुंडाळली आणि माळ्यावरच्या वायरींच्या पिशवीत टाकायला स्टूल ओढलं. म्हणे, "असू दे, लागते कधीतरी."

तुमच्याही माळ्यावर आहे ना अशी पिशवी?