सेटला जमतं, लायसनला नाही

क्रेन उभी होती, उचलायचा अवजड हीट एक्स्चेंजर पट्ट्यांत बांधून तयार होता आणि आमचे वॉकी-टॉकी बंद पडले होते.

रोह्याच्या आमच्या केमिकल कंपनीत शटडाऊन चालू होता. शटडाऊन म्हणजे प्लांट थांबवून वर्षाची मोठी दुरुस्ती उरकणं. क्रेनच्या ऑपरेटरला इमारतीमागची जागा दिसत नव्हती. वर उभा असलेला फोरमन रेडिओवर ‘हळू, थांब, सोड’ सांगणार, तसा तो माल उतरवणार. मोबाईल आत धड लागत नाही. एवढं वजन टांगलेलं असताना फोन कट झाला तर खालच्या माणसांचं काय, हा प्रश्न होता.

प्रोजेक्ट मॅनेजर करंदीकर सर तडक माझ्याकडे आले. मी इन्स्ट्रुमेंट विभागात इंजिनियर. हॅम रेडिओचं, म्हणजे घरच्या बिनतारी सेटवरून बोलायचं, लायसन मला नुकतंच मिळालं होतं. त्याचे पेढे त्यांनीही खाल्ले होते.

“मॅडम, तुमचे दोन हँडसेट घरी आहेत ना? आत्ता अष्टमी गावात गाडी पाठवतो.”

मी नको म्हटलं. त्यांना वाटलं, सेट बिघडतील म्हणून. बिघडले तर कंपनी नवे देईल, म्हणाले.

“तसं नाही, सर. हे लायसन हौसेचं आहे. त्यावर कंपनीचं काम बोलता येत नाही.”

सरांचा विश्वास बसेना. सरकारनेच परीक्षा घेऊन दिलंय ना? मग मी त्यांना बसवून सांगितलं. माझं लायसन रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं, म्हणजे पहिल्या पायरीचं. ठरलेल्या बँडवर, ठरलेल्या पॉवरच्या आत, आपला कॉलसाइन सांगून बोलायचं. कॉलसाइन म्हणजे आपलं हवेतलं नाव. ते माझं एकटीचं. फोरमनच्या हातात सेट दिला म्हणून लायसन त्याचं होत नाही. कंपनीच्या सेटची फ्रीक्वेन्सी वेगळी, परवाना वेगळा.

“पण तुमच्या सेटवर आमची फ्रीक्वेन्सी लागते ना?”

“सेटला जमतं, सर. लायसनला नाही.”

आता सरांनी शेवटचा मुद्दा काढला. ही इमर्जन्सी आहे. इमर्जन्सीत चालतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मी म्हटलं, पूर आला, माणसं अडकली, तर गोष्ट निराळी. आपलं फक्त शेड्यूल अडकलंय.

सर खुर्चीतून उठले. मलाही बरं वाटेना. सहा महिन्यांपूर्वी याच साहेबांनी मला परीक्षेसाठी सुट्टी दिली होती. नुसतं नाही म्हणून मोकळं होणं जिवावर आलं. मी कंपनीचे मेलेले सेट टेबलावर मागवले.

सेट ठीक होते. बॅटऱ्याच चार्ज झाल्या नव्हत्या. चार्जरमधल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता. आमच्याकडची हवाच तशी, खाडीची. पट्ट्या घासून पुसून काढल्या आणि जेवणाच्या सुट्टीभर सेट लावून ठेवले. दोन जिवंत झाले. दोनच हवे होते.

फोरमन म्हात्रे जिते गावचे. त्यांनी सेट कानाशी धरून तपासला. “आवाज येतो हाय. चला.” दुपारी एक्स्चेंजर अलगद आपल्या जागेवर बसला. सरांनी सगळ्यांना चहा पाजला. मला दोनदा.

रविवारी ते मुद्दाम आमच्या गच्चीवर आले. हे लायसन नेमकं कशाला उपयोगी, ते त्यांना बघायचं होतं. मी गच्चीवर टांगलेल्या तारेच्या अँटेनावरून पेणच्या एका हॅम मित्राला बोलावलं. त्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. हवामान झालं, अँटेना झाली, सिग्नल कसा येतो ते झालं. सर कौतुकाने ऐकत होते. मित्राचं नाव कळलं तसे पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, “आमची मूर्ती यांच्याकडेच आहे. रंगवून झाली का विचारा ना.”

मी नकारार्थी मान हलवली. ते धंद्याचं बोलणं.

सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि जिना उतरून त्याच माणसाला फोन लावला. मूर्ती झाली होती, फक्त डोळे राहिले होते.

पहिल्या पायरीच्या लायसनवर काय बोलता येतं, हे सांगायला दहा मिनिटं पुरतात. काय बोलता येत नाही, ते लोकांच्या गळी उतरवायला आठवडा लागतो. आणि चार्जर महिन्यातून एकदा पुसावा.